ओस्कारीचं कोठार

यालमारीला घेऊन गेले त्या सकाळी आमचं अर्धं गवत खुंटांवर वाळत होतं आणि अर्धं कापून तसंच जमिनीवर पडलं होतं. आभाळ भरून आलेलं. मी म्हटलं, "एवढा पट्टा तरी उचलून घेऊ द्या त्याला, मग न्या." गावचा शिपाई तौनो नुसता हातातली टोपी फिरवत उभा राहिला. तो आणि यालमारी शाळेत एका बाकावर बसलेले. पण तौनोबरोबर शहरातून आलेला फौजदार होता, लिंडरूस नावाचा. त्यानं गवताकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि गोड हसला.

"थोडी विचारपूस करायची आहे, बाई. संध्याकाळी परत येतील."

संध्याकाळी आला तो पाऊस. मी दाताळं घेऊन एकटी कुरणात होते, गवत खुंटांवर चढवत होते, आणि पाठीवरून पाणी पायताणात उतरत होतं. नवरा आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

झालं होतं ते एवढंच. तळ्याकाठचं ओस्कारीचं गवताचं कोठार जळून गेलं होतं. ओस्कारी आमचा शेजारी, बायको गेल्यापासून एकटा राहणारा, मानी माणूस. ते कोठार ज्या चिंचोळ्या पट्ट्यावर उभं होतं तो आमचा की त्याचा, यावरून यालमारीच्या बापापासून वाद. वसंतात दुकानात सगळ्यांदेखत यालमारी बोलून गेला होता, "एक दिवस मीच ते कोठार तिथून हलवीन." आणि कोठार पेटलं त्याच रात्री हा शहाणा, वर्षातून एकदा पिणारा, ज्या घरी गवतकापणीच्या मदतीला गेला तिथल्या मेजवानीतून नेमका पिऊन आला. घरात यायला लाज वाटली असणार, म्हणून अंगणातल्या लाकडी कोठीत जाऊन आडवा झाला. आगीची ओरड ऐकून मी त्याला गदागदा हलवून उठवलं. तो झोकांड्या खात बादली घेऊन पळाला. बाह्या काळ्या झाल्या त्या तिथं. सगळ्या गावाच्या बाह्या काळ्या झाल्या होत्या, पण पोलिसांना एकच बाही पुरते.

आता जे मला माहीत होतं ते सांगते. आग लागायच्या कितीतरी दिवस आधी मी तळ्यावर धुणं खळबळायला जात होते तेव्हा त्या कोठारावरून गोडसर, तंबाखूसारखा वास यायचा. सकाळच्या गारव्यात छपराच्या फटींतून वाफ निघायची. गवत ओलं भरलं की ते आतल्या आत तापतं आणि एखाद्या दिवशी आपणहून पेट घेतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते कुणी कुणाला बोलून दाखवत नाही. तुझं गवत ओलं आहे असं शेतकऱ्याला तोंडावर म्हणायचं, म्हणजे त्याच्या घरात शिरून त्याचं अंथरूण उलटून बघायचं. मी नाक दाबून पुढं जायची. सगळेच जायचे.

हे मी लिंडरूसला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यानं मान डोलावली. "विचारलं मी ओस्कारीला. तो म्हणाला, गवत खडखडीत वाळलेलं होतं."

मी सायकलला दुधाची किटली अडकवली, काळा पाव फडक्यात बांधला आणि चौकीवर गेले. तौनोच्या कचेरीमागं एक खोली होती, तिथं यालमारी. मला दारात बघून तो उठला आणि दोन्ही हातांनी विजार धरून उभा राहिला. विजारीचे पट्टे काढून घेतले होते, बुटांच्या नाड्याही. चार माणसांचं ओझं एकट्यानं उचलणारा माझा नवरा, विजार सांभाळत उभा. मला रडू आलं नाही, संताप आला.

"मारतो का तुला?"

"छे. ओरडतसुद्धा नाही गं. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. तो समजून घेतो."

"काय समजून घेतो?"

"सगळंच." त्यानं पाव तोडला, पण खाल्ला नाही. डोळे लाल झालेले. "डोळा लागला की उठवतो. उठवतो तेही हळूच, खांद्याला हात लावून. माफी मागतो. मग पुन्हा तेच. मेजवानीतून निघालात, मग काय केलंत? मी म्हणतो, घरी आलो. कुठल्या वाटेनं? मला आठवत नाही. तो म्हणतो, ठीक आहे, आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करू."

"तुला आठवत नाही कारण तू प्यायला होतास, गाढवा."

"तेच तोही म्हणतो," यालमारी म्हणाला. मग जरा लाजून म्हणाला, "काल त्यानं हात पुढं केला. म्हणाला, अहो-जाहो पुरे झालं, मी आर्विद, तू यालमारी."

आमच्याकडं ही लहान गोष्ट नाही. माझे सासरे आणि गावचे पाद्री आयुष्यभर एकमेकांना अहो म्हणत राहिले आणि तसेच एकाशेजारी एक पुरले गेले. वरच्या माणसानं हात पुढं करून नाव देणं म्हणजे त्यानं तुम्हाला घरात घेणं. तो हात झिडकारता येत नाही, आणि धरला की त्या माणसाला उडवून लावता येत नाही. शहराच्या फौजदाराला हे बरोबर माहीत होतं.

"आर्विद म्हणे!" मी म्हटलं. "पुढच्या खेपेला तुझ्या आर्विदला सांग, माझ्या नवऱ्याचे पट्टे दे आणि त्याला झोपू दे."

दोन दिवसांनी आर्विद माझ्याच स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफी मागितली नाही, पण मी दिली, आलेल्याला देतातच. पावाचं कौतुक केलं. खिडकीतून कुरणाकडं बघून म्हणाला, "एकट्या बाईला फार होतंय हे काम."

"हो ना. ज्याचं काम आहे त्याला तुम्ही ठेवून घेतलंय."

"तो लवकर सुटेल, बाई. फार लवकर. जवळजवळ कबूल केलंय त्यानं. दारूच्या भरात झालं म्हटलं की न्यायाधीशसुद्धा माणूसच असतो. बटाटे काढायच्या आत घरी येईल. पण अडून बसला, तर मात्र वर्षं जातील. तो फक्त तुमच्यासाठी अडून बसलाय. तुमच्या नजरेतून उतरेन म्हणतो."

"जवळजवळ म्हणजे काय?"

"ते तुम्हाला ठाऊक आहेच," तो म्हणाला. आणि गप्प झाला. माझ्याकडं बघत, मायेनं, गप्प.

मला त्याचा डाव कळला आणि हसूच आलं. माणसाला गप्प बसून बोलतं करायचं! आमच्या गावात लोक लग्नाच्या जेवणातसुद्धा गप्प बसतात. मी बटाट्यांची पाटी पुढं ओढली आणि सोलायला लागले. तो गप्प, मी गप्प. घड्याळ तेवढं बोलत होतं. दुसरं पातेलं भरत आलं तेव्हा तो उठला आणि टोपी घातली. जाताना दारात वळून म्हणाला, "त्या रात्री तो तुमच्याशेजारी नव्हता, एवढं तर खरं ना?"

"मी घरात होते. तो कोठीत होता."

"तुम्ही उठवलंत तेव्हा होता. त्याआधीचं तुम्ही पाहिलं नाही."

नव्हतंच पाहिलं. नाही म्हटलं मी. खरं तेच सांगितलं, आणि त्यानं ते खरं उचललं आणि घेऊन गेला.

पुढच्या खेपेला चौकीवर गेले तर यालमारी उठून उभासुद्धा राहिला नाही. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. मी दिलेलं दूध त्यानं मांडीवर तसंच धरून ठेवलं.

"साइमी," तो म्हणाला, "समज, मीच केलं असेल तर?"

"काय बरळतोस?"

"मला ती वाट आठवत नाही. मेजवानीतलं फाटक आठवतं आणि नंतर तू हलवलंस ते आठवतं. मधलं काहीच नाही. मी तिथं काहीही केलेलं असू शकतं. आर्विद म्हणतो, दारूत हात आपापलं काम करतात, डोक्याला कळवत नाहीत. आणि तू म्हणालीस म्हणे, तो कोठीत होता की नाही ते मी पाहिलं नाही."

"मी म्हटलं, मी घरात होते!"

"तेच ते." तो माझ्यावर चिडलेला नव्हता, तेच वाईट होतं. "त्यानं सांगितलं, डोळे मीट आणि कोठारापाशी उभा राहा. बघ, कुणी दिसतं का. मी मिटले. पहिल्यांदा काही दिसलं नाही. रोज मिटतो. काल दिसलं."

"काय दिसलं?"

"हात. काडी ओढताना."

"तुझ्या खिशात काडी कधी असते रे? तू तंबाखू चघळतोस!"

"तेही मी सांगितलं त्याला." यालमारीनं आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. "तो म्हणाला, काडी कुठंही मिळते."

मी त्याचे हात धरले. गार पडले होते. घरी येताना सायकल चढावर ढकलत आणली. आकाश मोकळं झालं होतं, गवत उचलायला सोन्यासारखा दिवस होता, आणि मी पायरीवर बसून राहिले.

शनिवारी दुपारी तौनो आला. कुंपणाशीच थांबला. "लिंडरूसनं परवानगी दिलीय," तो म्हणाला. "माझ्या सौनात नेतो त्याला. अंग धुऊ दे बिचाऱ्याला. घामानं कुजलाय."

मला तौनोच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी धुतलेला सदरा काढला, त्याला इस्त्री केली, भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्या कापून अंगावर मारायची जुडी बांधली. सौना म्हणजे दगड तापवून वाफेनं अंग धुवायची आमची लाकडी खोली; माझा जन्म तिथला. सासूला शेवटची अंघोळही तिथंच घातली. तिथं कुणी आवाज चढवत नाही आणि खोटं बोलत नाही. बाकावर बसून माणूस जे बोलतो ते वाफेबरोबर जातं, बाहेर कुणी नेत नाही. मी विचार केला, घाम जाईल तसा तो लिंडरूसही याच्या अंगातून निघून जाईल.

तौनोचा सौना तळ्याला लागून. धूर सरळ वर जात होता. मी सदरा मांडीवर घेऊन पायरीवर बसायला गेले तर कपडे काढायच्या खोलीच्या दाराशी बूट दिसले. काळे, टोकदार, चकचकीत. तौनोचे म्हणावेत तर तौनोचा पाय होडीएवढा. दार अर्धवट उघडं होतं. आत टांगलेल्या ओल्या पंच्यांच्या खाली, पायमोजे घालून, गुडघ्यावर कागद ठेवून लिंडरूस बसला होता. त्यानं मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मला! माझ्याच नवऱ्याच्या बाबतीत!

फळ्यांपलीकडून तौनोचा आवाज आला. "मला सांग रे. इथं तू आणि मीच आहोत."

पाणी दगडांवर पडून फस्स झालं. बराच वेळ नुसती जुडीची सपसप. मग यालमारी बोलला, सावकाश, मोकळ्या गळ्यानं, कितीतरी दिवसांनी स्वतःच्या आवाजात.

"मीच केलं असणार, तौनो. दुसरं कोण करणार? मला दिसतं ते. मीच लावली."

लिंडरूसची पेन्सिल सरसर चालायला लागली.

"यालमारी!" मी ओरडले. "तोंड मीट! इथं तो बसलाय! इथं बसून लिहितोय!"

आत सगळं थांबलं. मग दार उघडलं आणि वाफेच्या लोटात यालमारी बाहेर आला, उघडा, लालबुंद, खांद्यावर भूर्जाचं पान चिकटलेलं. समोर कोट-टायमधला माणूस. यालमारीनं जुडी पुढं धरून स्वतःला झाकलं. मागं तौनो बाकावर तसाच बसून राहिला, तोंड भिंतीकडं करून, आणि बाहेर आलाच नाही.

"म्हणजे लिहून झालं तर," यालमारी म्हणाला.

"झालं, मित्रा," लिंडरूस म्हणाला. "आता तुला झोप लागेल बघ."

मी सदरा यालमारीच्या अंगावर टाकला आणि त्याच्या कानाशी म्हटलं, "सही करू नकोस. सांग, थकलो होतो, काहीबाही बोललो. सांग, खोटं बोललो."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "सौनात?" तो म्हणाला. "सौनात खोटं बोललो असं सांगू?"

आणि त्यानं केस वाळायच्या आत सही केली.

रविवारी कुणी काम करत नाही. मी गेले नाही चर्चमध्ये. ओस्कारीच्या वरच्या कुरणात गेले. तोही चर्चमध्ये नव्हता. दाताळं घेऊन एकटाच गवत फिरवत होता. मी काही न बोलता कुंपणाला टेकवलेलं दुसरं दाताळं उचललं आणि त्याच्या शेजारच्या ओळीला लागले. त्यानं एकदा बघितलं, परत मान खाली घातली. ऊन चढलं. माझ्या तळहातावरचे फोड फुटले. ओळीमागून ओळ आम्ही दोघं जात-येत राहिलो, जसं नवरा-बायको काम करतात तसं. पायाखाली गवत नुसतं चुरचुरत होतं. पिवळं पडलेलं, पानं झडून निव्वळ काड्या राहिलेलं. गाईनंही तोंड लावलं नसतं.

वळणावर पोचलो तेव्हा मी म्हटलं, "यंदा फार वाळवतोयस, ओस्कारी."

तो थांबला. दाताळ्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

"तुझ्या नवऱ्यानं कबूल केलंय," तो म्हणाला.

"केलंय."

"काल संध्याकाळी कळलं मला. देवाशपथ, साइमी, कितीतरी दिवसांनी मी झोपलो. म्हटलं, म्हणजे माझ्यामुळं नव्हतं तर. तो स्वतः म्हणतो, तर असेलच ना? कोण उगाच स्वतःवर घेईल?" त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "मला कुणी विचारलंच नाही. तो फौजदार आला आणि म्हणाला, गवत वाळलेलं होतं ना? मी हो म्हटलं. झालं, गेला."

"आता मी विचारते."

ओस्कारी खाली बसला, गवतातच. म्हातारा झाला एकदम. "हिरवं होतं," तो म्हणाला. "पाऊस येतोय म्हणून घाई केली. नंतर कोपरापर्यंत हात घालून बघितलं तर चटका बसला. बाहेर ओढून पसरायला हवं होतं. पण सगळं गाव त्या वाटेनं जातं. सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून दार लावलं आणि घरी आलो."

मला त्याचा गळा धरावासा वाटत होता आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावर हात फिरवावासा वाटत होता. दोन्हीतलं काही केलं नाही. त्याची घोडी गाडीला जुंपली आणि त्याला चौकीवर नेलं.

लिंडरूसनं ओस्कारीला तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. शेजाऱ्याला वाचवतोयस, खोट्या जबानीलाही शिक्षा असते, असंही सुनावलं. पण ओस्कारी एकदा लाज सोडून बसला होता, तो हलेना. शेवटी शहरातून आणखी माणसं आली. त्यांनी राख उकरली, तर बरोबर मधोमध गवताचा कोळशासारखा गोळा सापडला, आतून बाहेर जळत गेलेला. कुणी काडी लावली तर गवत बाहेरून जळतं. यालमारीला पट्टे मिळाले, नाड्या मिळाल्या. निघताना लिंडरूसनं हात पुढं केला, आणि माझ्या नवऱ्यानं तो धरला.

घरी आल्यावर मी माशाचं कालवण केलं. तो जेवला, भरपूर. मला वाटलं, संपलं. मग त्यानं चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "ओस्कारी भला माणूस आहे."

"भला? त्याच्यापायी तू आत होतास!"

"माझ्यासाठी एवढं खोटं बोलला. स्वतःचं नाक कापून घेतलं गावात."

"अरे, त्याचा हात भाजला होता. राखेत गोळा सापडला. सगळं गाव तो वास घेत होतं. मी घेत होते!"

"तू म्हणशीलच," तो म्हणाला, अगदी प्रेमानं. "मला दिसतं ना पण, साइमी. डोळे मिटले की हात दिसतो. जे दिसतं ते मी कसं नाही म्हणू?"

मी सौना तापवला. तो आला नाही. विहिरीवर बादलीनं अंग धुतलं. मी आत एकटी बसले आणि वाफेत मोठ्यानं रडले. त्यांनी मला नवरा परत दिला होता, आणि तो त्यांचंच म्हणणं घेऊन आला होता.

सकाळी उठले तर तो नव्हता. कुरणात नव्हता, गोठ्यात नव्हता. तळ्याकडून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. गेले तर त्या भांडणाच्या पट्ट्यावर, राखेशेजारी, आमच्या जंगलातून ओढून आणलेले पाइनचे ओंडके पडलेले. यालमारी एका ओंडक्याची साल काढत होता. ओस्कारी त्याच्या मागंमागं फिरत होता, टोपी हातात घेऊन.

"अरे बाबा, माझं ऐक. मी सांगितलंय त्यांना. लिहून दिलंय. तुझं काही देणं नाही माझं."

"असू दे, ओस्कारी."

"माझ्याच चुकीनं जळालं रे!"

"असू दे म्हटलं ना. तू फार केलंस माझ्यासाठी. हिवाळ्याच्या आत छप्पर चढवतो." तो हसला त्याच्याकडं बघून. "आणि हा पट्टा तुझाच. माझा बाप उगाच भांडत होता."

ओस्कारीनं माझ्याकडं पाहिलं. तो दगडावर जाऊन बसला आणि त्यानं तोंड टोपीत लपवलं. माझ्या मनात आलं, ही कुऱ्हाड तळ्यात फेकावी. यालमारीच्या मुस्काटात द्यावी. चौकीवर जावं, त्या लिंडरूसला कॉलरला धरून इथं आणावं आणि म्हणावं, बघ, तुझं काम अजून चालूच आहे.

यालमारीनं ओंडका कापायच्या लाकडी घोडीवर चढवला आणि लांब करवत काढली. ती दोघांची करवत. त्यानं एका बाजूची मूठ धरली आणि एकटाच ओढायला लागला. पातं वाकडं होऊन लाकडात अडकत होतं. त्यानं सोडवलं, परत लावलं, परत अडकलं. माझ्याकडं बघितलं नाही, मागितलंही नाही.

मी डोक्याचा रुमाल घट्ट बांधला, ओंडक्याच्या पलीकडं गेले आणि दुसरी मूठ धरली.

"हं," तो म्हणाला, "ओढ."

मी ओढलं.